'अक्करमाशी'तला दादा

शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली प्रसिद्ध झाले. जात, भूक, अनौरसपण, पाटीलकी या अंगांनी समीक्षकांनी ते वाचले, आणि ते योग्यच झाले. पण आम्ही मुस्लिम वाचक हे पुस्तक हाती घेतो तेव्हा एका माणसापाशी पुन्हा पुन्हा थांबतो. तो माणूस म्हणजे महमूद दस्तगीर जमादार, लेखकाचा 'दादा'. आमच्या वाचनात आलेल्या लेखांत हा दादा हिंदू-मुस्लिम ऐक्याचे उदाहरण म्हणून एका वाक्यात उरकला जातो. आमचे म्हणणे वेगळे आहे. दादा हा ऐक्याचा दाखला नव्हे. एका जखमी मुलाचे मन ज्याच्या आधाराने शाबूत राहिले, तो हा माणूस आहे.

त्या मुलाची जखम पाहा. आई दलित, बाप पाटील, आणि बापाने नाव नाकारलेले. शाळेत बापाचे नाव काय लावायचे, हा इतर मुलांच्या मनातही न येणारा प्रश्न त्याला रोज छळतो. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूर गावी आजी संतामाईजवळ तो वाढतो. संतामाईबरोबर राहणारा दादा एस.टी. स्टँडवर हमाली करतो. या मुलाशी त्याचे रक्ताचे नाते नाही, जातीचे नाही, धर्माचेही नाही. तरी तो त्याला आपला मानतो. हा माणूस आपल्यावर इतकी माया का करतो, याचे नवल खुद्द लेखकालाही वाटत राहते.

बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर आम्हीही दिला, पण तो पाठांतराने. त्याचा अर्थ अशा पुस्तकांनी उलगडला. अमेरिकेत फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांनी हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले. बालपणी जितके आघात जास्त, तितके पुढे नैराश्य, व्यसन, आत्महत्येचे प्रयत्न यांचे प्रमाण जास्त, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले. मात्र त्यांची मूळ प्रश्नावली मुख्यतः घरातल्या आघातांची होती. गावाने केलेला अपमान, जातीची शिवी, दंगलीची रात्र यांची त्यात नोंद नव्हती. ती नोंद आपल्याकडे आत्मकथनांनी केली.

दुसरा अभ्यास एमी वर्नर यांचा. हवाईच्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. अत्यंत बिकट परिस्थितीतल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे धड, कर्ती माणसे झाली. त्यांच्यात आढळलेली एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे जीव लावणारे निदान एक मोठे माणूस. ते आईबापच असावे असे नाही. आजी असेल, शेजारी असेल, शिक्षक असेल. हे वाचताना आमच्यासमोर स्टँडवरचा दादाच उभा राहिला.

आता उलटे उदाहरण घेऊ. इस्मत चुग़ताई यांची 'लिहाफ़' ही कथा १९४२ साली आली. अश्लीलतेचा खटला लाहोरला चालला आणि इस्मतआपा सुटल्या. पुढे कितीतरी वर्षे चर्चा झाली ती बेगमजानची. पण कथा सांगणारी कोण? एक मोठी झालेली बाई. थंडीत लिहाफ़ ओढून घेतला की भिंतीवरची त्याची सावली पाहून तिला लहानपणची भीती आठवते. आई तिला भरवशाने त्या हवेलीत सोडून गेली होती. बेगमच्या मिठीत ती पोर घाबरते, घरी जायला तळमळते, आणि कोणाला काही सांगू शकत नाही. कोर्टाने शब्द तपासले, टीकाकारांनी नीतिअनीती तपासली. पोरीच्या भीतीकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. तिच्या आयुष्यात दादा नव्हता.

आपल्या घरांतही हेच चालते. मुलाने काही सांगितले की आधी इज्जतीचा विचार होतो. घर की बात घर में राहते. मोठेपणी तेच मूल रात्री झोपेनासे झाले की नजर उतरवतात, तावीज बांधतात. डॉक्टरचे नाव काढले तर आमच्या पुण्यात लगेच 'येरवड्याला पाठवा' म्हणून हसतात. दुआ अवश्य मागावी, पण डॉक्टरची वाट अडवू नये. आणि आम्ही शिक्षकही निर्दोष नाही. शाबासकीसाठी हात उचलला तरी डोळे मिटून घेणारी मुले आम्ही वर्गात पाहिली आहेत. शाळेतल्या माराला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी घातली, तरी त्या मुलांना तो हात कोणी शिकवला, हे आपण स्वतःला विचारायला हवे.

आपले पैगंबर यतीम होते. जन्मापूर्वी वडील गेले, सहाव्या वर्षी आई, आठव्या वर्षी आजोबा. मग चुलते अबू तालिब यांनी सांभाळले. यतीमाशी कठोर वागू नका, अशी सूरह दुहाची ताकीद आपण जाणतो. ज्याच्या मनाचा वाली कोणी नाही, तेही मूल यतीमच नव्हे काय?

दादामुळे लिंबाळे यांचे दुःख संपले असे मुळीच नाही. पुस्तक शेवटपर्यंत प्रश्नच विचारते. बरे होणे म्हणजे विसरणे नव्हे. दुःख सांगता येणे आणि ते ऐकणारे कोणी मिळणे, ही त्याची सुरुवात. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) मोठा झालेला दया आपल्यातल्याच दगडूचे ऐकत बसतो, ते याचसाठी. मुस्लिम मराठी लेखनात दंगल आली, तलाक आला, अस्मिताही आली. घरातले घाबरलेले मूल मात्र अजून फार थोडे आले आहे. ते लिहिले जाईल तेव्हा समीक्षकांनी आघाताची मोजदाद जरूर करावी, पण त्याबरोबर एवढेही विचारावे, की या मुलाचे ऐकणारे कोण होते?