खुर्ची नसलेली उपाहारगृहे

नव्या गावात बिऱ्हाड हलवले की तिथली माणसे पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी न विचारता सांगतात. नळाला पाणी किती वाजता येते ही एक, आणि वडा कोणाकडचा घ्यावा ही दुसरी. गिरगावातली आमची चाळ पुनर्बांधणीसाठी रिकामी झाली आणि आम्ही डोंबिवली पूर्वेला राहायला आलो, तेव्हा शेजारच्या काकूंनी याच क्रमाने या दोन्ही गोष्टी मला सांगितल्या. पाण्याची वेळ नंतर दोनदा बदलली. वड्याबद्दलचे त्यांचे मत अजून बदललेले नाही.

माझी शाळा भायखळ्याजवळ. घर बदलले तरी शाळा बदलली नाही. त्यामुळे मुंबईपासून 48 किलोमीटरवरच्या या गावाची आणि माझी खरी ओळख संध्याकाळच्या गाडीतून उतरल्यावर, भुकेल्या पोटी झाली. ज्या गावाची ओळख पोटातून होते त्याच्याविषयी तटस्थपणे लिहिणे कठीण असते. तरीही प्रयत्न करते. पुस्तकांवर अभिप्राय लिहिण्याचा उद्योग मी अधूनमधून करतेच. मग रोज ज्याच्याशी गाठ पडते त्या खाण्यावर का लिहू नये?

टीकाकाराचे पहिले पाप म्हणजे एका लेखकाच्या पट्टीने दुसऱ्याला मोजणे. मीही तेच केले. पहिले दोन महिने मी प्रत्येक बशी गिरगावच्या बशीशेजारी ठेवून पाहिली. साबुदाणा वडा आला की फणसवाडीची आठवण, पियूष आले की पणशीकरांची. खोताच्या वाडीतले अनंताश्रम बंद होऊन वर्षे लोटली, तरी त्याच्या नावाने मी इथल्या माशांच्या ताटाला नाक मुरडत होते. गेलेल्या माणसाच्या गुणांपुढे जिवंत माणसाचा निभाव लागत नाही. खाणावळींचेही तसेच असावे. शेवटी आमची मुलगी म्हणाली, ‘‘आई, तू जेवतेस की श्राद्ध घालतेस?’’ तेव्हा मी जरा शुद्धीवर आले.

आता इथल्या पदार्थांकडे त्यांच्या गुणांवर पाहू. वडापाव दादर स्टेशनाबाहेर 1966 साली अशोक वैद्य यांनी सुरू केला असे सांगतात. तेथून तो लोहमार्गाने सगळ्या उपनगरांत पसरला. त्याची रचनाच गाडी पकडणाऱ्याच्या सोयीची आहे: एक हात मोकळा राहतो, बसावे लागत नाही, बशी परत द्यावी लागत नाही. डोंबिवलीचा चांगला वडा आवरणाला पातळ आणि आतून आल्या-लसणीला सढळ असतो. त्याचा दोष एवढाच, की गर्दीच्या वेळी तो अर्धवट तळून बाजूला काढून ठेवतात आणि गिऱ्हाईक आले की पुन्हा कढईत सोडतात. दुसऱ्यांदा तळलेला वडा आणि दुसऱ्यांदा सांगितलेला विनोद यांची जात एकच.

मिसळीचे दुखणे वेगळे. ठाण्याच्या तहसील कचेरीजवळच्या मामलेदार मिसळीने या पट्ट्यात तिखटाचा मोठा धाक बसवला आहे. ज्याला तिची बरोबरी साधत नाही तो निदान तिखटाने तरी तिला मागे टाकू पाहतो. इथल्या दोनतीन ठिकाणी मी मिसळ खाल्ली. तर्री लालभडक, वर शेवेचा डोंगर, आणि खाली मटकी बिचारी अर्धी कच्ची. ज्या कादंबरीत खून भरपूर असतात आणि माणूस एकही नसतो, तिची मला आठवण झाली.

उडुपी हॉटेलांविषयी तक्रार नाही. डोंबिवलीत केरळी आणि दक्षिणेकडची इतर मंडळी बरीच आहेत. ती इडलीला सहजासहजी पास करत नाहीत. त्यामुळे आंबोळीला डोसा म्हणून खपवणे इथे जमत नाही. जाणते गिऱ्हाईक हेच खरे टीकाकार. आणि एक सुखद धक्का आगरी खाणावळींचा. आपण या गावाला उपनगर म्हणतो, पण गाडी येण्याच्या कितीतरी आधीपासून भोवतीच्या गावांतून आगरी लोक भातशेती आणि मासेमारी करत होते. तांदळाच्या पिठाची उकड काढून हातावर थापलेली पांढरीशुभ्र भाकरी, सुक्या बोंबलाचे कालवण आणि घरचा मसाला असे ताट पुढे आले, तेव्हा लक्षात आले की आपण येथे आलेले पाहुणे आहोत. पाहुण्याने यजमानाच्या ताटाला उपनगरी म्हणू नये.

एवढे सगळे चाखून झाल्यावर ध्यानात आले की या गावाचे खरे उपाहारगृह मी अजून मोजलेच नव्हते. मोजले नव्हते, कारण तिथे खुर्ची नाही. रात्री आठच्या सुमारास स्टेशनकडून घराकडे चालत निघावे, म्हणजे चौकाचौकात एका ट्यूबलाइटखाली पंधरावीस माणसे मुकाट उभी दिसतात. खांद्याला डब्याची पिशवी, चेहऱ्यावर प्रवास. आत एक बाई लाटते आहे, एक भाजते आहे. वर पाटी: ‘घरगुती पोळी-भाजी केंद्र’. वडा महिन्यातून चारदा, मिसळ दोनदा. पण या पोळ्या आमच्या ताटात आठवड्यातून पाच दिवस येऊ लागल्या होत्या.

या पोळीवर कोणी अभिप्राय लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते. पोळी तव्यावरून उतरताना चांगली लागते, त्यात नवल नाही. तिची परीक्षा दोन तासांनी, डब्याचे झाकण उघडल्यावर होते. कणीक सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवली असेल, घडी घालताना आत तेलाचे बोट आणि पिठाची चिमूट पडली असेल, आणि लाटताना कडा मधल्यापेक्षा जाड राहिल्या नसतील, तरच ती पोळी दोन तासांनी मऊ राहते आणि तिचे पदर सुटतात. काही ठिकाणी यंत्रावरची पोळी मिळते. ती कंपासने काढल्यासारखी गोल असते, पण तिला घडी नसते, म्हणून पदर नसतात. आमच्या चौकातली पोळी या परीक्षेत उत्तम गुणांनी उतरते.

भाजीबद्दल तसे म्हणवत नाही. फ्लॉवर, बटाटा, वांगे, दुधी यांची नावे वेगळी असली तरी रस्सा एकच असतो. उसळी बऱ्या असतात. पालेभाजी मात्र क्वचितच दिसते. निवडायला वेळ लागतो आणि शिजल्यावर चाराण्याएवढी उरते, हे त्याचे कारण. ते मला पटते, पण मेथीची भूक त्याने भागत नाही. शिवाय 2018 साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तरी उकळती भाजी पातळ पिशवीत बांधून देण्याची पद्धत काही ठिकाणी चालूच आहे. याचा अर्धा दोष डबा घरी विसरणाऱ्या आपल्यासारख्यांकडे जातो.

पण माझे मुख्य भांडण पाटीवरच्या ‘घरगुती’ या शब्दाशी आहे. आपण तो कौतुकाने वापरतो. ‘अगदी घरगुती चव हो!’ म्हणजे विकतचे असूनही विकतचे वाटत नाही. वडेवाल्याच्या बाबतीत आपण असे बोलत नाही. त्याच्या हाताला आपण कसब म्हणतो, त्याचे नाव पाटीवर असते, त्याच्या तिसऱ्या पिढीची मुलाखत छापून येते. दिवसाला काहीशे पोळ्या एका जाडीच्या लाटणाऱ्या बाईच्या हाताला आपण ‘घरगुती’ म्हणतो आणि विषय संपवतो. घरात जे काम फुकट होते, ते विकत घेताना जवळजवळ फुकटच मिळावे अशी आपली मनातून अपेक्षा असते. पोळी एका रुपयाने महागली, तर रांगेत कुरकुर होते. मीही केली आहे.

वास्तविक या धंद्याला चांगला इतिहास आहे. गिरणगावातल्या बायका घरटी दहावीस गिरणी कामगारांना जेवू घालत. सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि खाणावळवाल्या बाईला बँकेच्या दारात नेले. त्याआधी 1959 साली आमच्याच गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तो लिज्जत पापड आज सगळ्यांना ठाऊक आहे. 1982 साली गिरण्यांचा संप झाला आणि खाणावळींची पंगत मोडली. चौकातल्या ट्यूबलाइटखालची बाई मला त्या दोन्ही बायकांची वारसदार वाटते. फरक एवढाच, की तिच्यामागे मंडळ नाही. ती मालकाकडे पोळीच्या संख्येवर काम करते.

आमच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. विकतची पोळी त्यांनी पहिले सात महिने खाल्ली नाही. स्वतःच्या दोन पोळ्या त्या स्वतः लाटत. पावसाळ्यात मनगट दुखावले आणि त्यांचा नाइलाज झाला. पहिल्या दिवशी त्यांनी ताटातली पोळी उचलली, उजेडाकडे धरली, बोटांनी हळूच तिचे पदर वेगळे केले. मी श्वास रोखून बसले होते.

‘‘हिला कोणीतरी नीट शिकवलंय,’’ त्या म्हणाल्या. मग एक घास खाऊन विचारले, ‘‘नाव काय गं तिचं?’’

मला सांगता येईना. सात महिने त्या बाईच्या हातचे जेवत होते. शेजारच्या काकूंच्या वडेवाल्याचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव, त्यांचे मूळ गाव, सगळे मला पाठ होते. या बाईचे नाव विचारायचे सुचले नव्हते.

आम्हा लेखकमंडळींचे हेच होत आले आहे. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे कथाकार या गावात राहिले. 2017 साली नव्वदावे साहित्य संमेलन येथे भरले. ‘डोंबिवली फास्ट’ या 2005 सालच्या चित्रपटाने इथल्या चाकरमान्याची घुसमट घरोघर पोहोचवली. उपनगराचे आपले लेखन बहुतेक गाडीत घडते. गाडीतून उतरलेला माणूस पुढे काय खातो आणि ते कोण रांधते, इथवर ते सहसा येत नाही. आणि आले, तर आईच्या हातची चव आठवून डोळे पुसते. त्या हाताचा खांदा दुखत होता का, हे विचारत नाही. हा आरोप मी आधी स्वतःवर करते. माझी मागची कादंबरी मी रात्री साडेआठ ते दहा या वेळात लिहून पुरी केली. तो दीड तास मला कोणी दिला, हे त्या पुस्तकाच्या ऋणनिर्देशात नाही. तिथे प्रकाशकांचे नाव आहे.

दुसऱ्या दिवशी रांग ओसरल्यावर मी तिला नाव विचारले. तिने सांगितले. पोळीला हात चालूच होता. मी म्हटले, ‘‘दिवाळी अंकात लिहिणार आहे. तुमचं नाव घालू?’’

तिचे लाटणे थांबले. ‘‘नको बाई. मुलाचं ठरतंय. मुलीकडच्यांना मी ‘केटरिंगमध्ये आहे’ असं सांगितलंय.’’

मी गप्प राहिले. ‘केटरिंग’ म्हटले की कसब होते आणि ‘पोळ्या लाटते’ म्हटले की नाचक्की, हा हिशेब तिने केलेला नव्हता. तो आपण सर्वांनी मिळून केलेला आहे. म्हणून या लेखात ज्या नावाला पहिला मान मिळायला हवा, ते नाव नाही.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे फडके रोडवर नव्या कपड्यांत सगळी डोंबिवली लोटते. गणपतीचे दर्शन होते, जुने मित्र भेटतात, आणि मग फराळाच्या ताटावर चर्चा झडतात. यंदा आमच्या घरच्या चकल्या त्याच केंद्रातून आल्या. सासूबाईंनी एक मोडून पाहिली. ‘‘काटा सुरेख आलाय,’’ त्या म्हणाल्या, ‘‘भाजणी मात्र जरा कमी भाजली. तिला सांग, डाळींना वेगवेगळं भाजावं.’’

मी निरोप पोहोचवला. तिने मान डोलावून ऐकून घेतला आणि म्हणाली, ‘‘आजींना सांगा, डाळी मालक आणून देतात भाजलेल्या. माझ्या हातात असतं तर मीही वेगवेगळ्याच भाजल्या असत्या.’’

खुसखुशीतपणात उणी पडलेली चकली कोणाच्या खात्यावर मांडायची, हे मला त्या उत्तराने शिकवले. वाचकांच्या घरी यंदा फराळ बाहेरून आला असेल, तर चव घेण्यापूर्वी एकदा तो कोणी केला हे विचारून पाहावे. उत्तर मिळेलच असे नाही. पण विचारणाऱ्यांची रांग थोडी वाढली, तर पुढच्या कोणा लेखिकेला नाव छापण्याची परवानगी मिळेल.