पंक्तीच्या पुढचा प्रश्न

अभ्यासकाने अलिप्त राहावे आणि श्रद्धावंताने अभ्यासाच्या फार खोलात जाऊ नये, असा एक सोयीस्कर समज आपल्यात रूढ आहे. ज्यांच्या लेखनापुढे हा समज टिकत नाही, अशा मोजक्या भारतीय ईशशास्त्रज्ञांत येशूसंघीय फादर जॉर्ज सोआरिस-प्रभू (१९२९-१९९५) यांची गणना करावी लागेल. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात त्यांनी नव्या कराराचे अध्यापन केले. मत्तयच्या बाल्यकथांत जुन्या करारातील वचने कशी गुंफली गेली आहेत, याविषयीचा त्यांचा ग्रंथ १९७६ साली रोम येथून प्रसिद्ध झाला. त्यांच्या अपघाती निधनानंतर फादर फ्रान्सिस डिसा यांनी संपादित केलेल्या ‘द धर्मा ऑफ जीझस’ (२००३) या संग्रहात त्यांचे महत्त्वाचे निबंध एकत्र वाचावयास मिळतात.

पाश्चात्त्य विद्यापीठांची ऐतिहासिक-चिकित्सक पद्धत त्यांनी पूर्णपणे आत्मसात केली होती. म्हणूनच तिच्या मर्यादा सांगण्याचा अधिकार त्यांना होता. एखादे वचन कोठून आले आणि कसे घडले, हे ती पद्धत सांगते. परंतु ते वचन आज उपाशी माणसासमोर काय बोलते, या प्रश्नाशी ती थांबते. भारतीय वाचकाने मात्र येथील दारिद्र्य आणि येथील धर्मपरंपरा यांसह शास्त्राकडे जावे, असा त्यांचा आग्रह होता.

या आग्रहाचे उत्तम फळ म्हणजे बायबलमधील ‘गरीब’ या संकल्पनेचे त्यांनी केलेले विवेचन. मत्तयच्या ‘आत्म्याने दीन’ या शब्दप्रयोगाचा आधार घेऊन गरिबी ही केवळ मनाची नम्रता ठरविण्याची वाट आपल्या प्रवचनांना फार परिचयाची आहे. सोआरिस-प्रभू ती वाट अडवितात. बायबलमधील गरीब हा प्रथमतः एक सामाजिक गट आहे. तो आपोआप गरीब झालेला नसून अन्यायामुळे गरीब केला गेलेला आहे. आणि तो केवळ दयेचा विषय नसून इतिहास घडविणारा आहे, असे तीन निष्कर्ष ते क्रमाने मांडतात.

अशा विवेचनावर राजकीय विचारसरणीचा शिक्का मारण्याची घाई कोणी करू नये. त्यांच्या मांडणीचा आरंभ वर्गसंघर्षापासून होत नाही. तो येशूला आलेल्या ‘अब्बा’च्या अनुभवापासून होतो. देवाची बिनशर्त प्रीती ज्याने स्वीकारली, तो आधी भयातून आणि मोहातून मुक्त होतो. मुक्त माणसालाच दुसऱ्याशी बंधुत्व जोडता येते. आणि बंधुत्व खरे असेल तर ते न्यायाची मागणी केल्यावाचून राहत नाही. स्वातंत्र्य, बंधुभाव आणि न्याय हा क्रम उलटा केला की देवराज्याचे रूपांतर कार्यक्रमात होते. माझ्या मते त्यांच्या विचाराचे सामर्थ्य या क्रमात आहे.

येशूच्या पंक्तिव्यवहाराविषयी दलित ख्रिस्ती बांधवांना डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी १९९२ साली लिहिलेला निबंध महाराष्ट्रातील वाचकाला विशेष जवळचा वाटेल. जकातदार आणि पापी यांच्या पंगतीला बसणे हे येशूचे केवळ सौजन्य नव्हते. शुद्ध-अशुद्धतेच्या रेषा पुसणारी ती कृती होती, हे त्यांनी साधार दाखविले आहे.

तथापि, नेमके येथेच माझ्या मनात एक प्रश्न उभा राहतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये सहभोजनाची मर्यादा स्पष्ट केली होती. रोटीव्यवहाराने जात मोडत नाही. बेटीव्यवहाराने मोडते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पंक्तीचे ईशशास्त्र या कसोटीला उतरते काय? सोआरिस-प्रभूंच्या निबंधाचा भर पंक्तीवर आहे, आणि शुभवर्तमानाच्या अभ्यासकाकडून तसे होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या समाजात एका वेदीवरून परमप्रसाद घेणारी माणसे घरी परतल्यावर सोयरीक मात्र जात पाहून जुळवितात, तेथे पंक्ती ही सुरुवात ठरते, शेवट नव्हे. त्यांचा बराचसा अभ्यास इंग्रजी नियतकालिकांतून झाला, ही दुसरी उणीव. ज्यांच्याविषयी तो आहे, त्यांच्या हाती तो सहजी पडला नाही.

हा दोष एकट्या लेखकाचा नाही. तो अभ्यास धर्मग्रामापर्यंत आणण्याचे काम आम्हा धर्मगुरूंचे होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती बांधव अनुसूचित जातींच्या सवलतींपासून आजही वंचित आहेत. त्याविरुद्धच्या निवेदनांवर मी अनेकदा सह्या केल्या आहेत. मात्र विवाहाची नोंद करताना, ‘फादर, मुलगा आपल्यातला नाही’ असे एका पित्याने कार्यालयात हळूच सांगितले, तेव्हा मी मान डोलावून विषय बदलला होता. शासनाकडे न्याय मागणारी माझी सही आणि त्या दिवशीचे माझे मौन यांची सांगड मला अद्याप घालता आलेली नाही.

चांगल्या ग्रंथाने वाचकाचे समाधान करावे, अशी आपली अपेक्षा असते. या निबंधांनी माझे समाधान केले नाही. माझ्याकडे उत्तर मागितले. म्हणूनच ते मराठीत यावेत आणि आपल्या अभ्यासमंडळांतून वाचले जावेत, असे मनापासून वाटते.