अ‍ॅबीचं वाळवंट आणि आमच्या गाडीतली सहा माणसं

पीएचडीच्या तयारीला लागलेल्या मुलामुलींचा एक प्रश्न नेहमी येतो: "पेपर क्रिटिकली वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं?" या वेळी उत्तर देताना मी पेपर घेत नाहीये, एक पुस्तक घेतेय. एडवर्ड अ‍ॅबीचं 'डेझर्ट सॉलिटेअर'. १९६८ साली आलेलं हे पुस्तक अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटाबद्दल आहे. मी ज्या मातीवर काम करते ती माती तिथलीच, त्यामुळे लॅबमधल्या प्रत्येकाने ते वाचलेलं असतं. माझं मात्र राहिलं होतं.

शेवटी वाचलं ते मोटरहोममध्ये. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक बिछाना, मागे शेगडी, फ्रीज, संडास, पोटाखाली सांडपाण्याच्या टाक्या. मार्चमध्ये आई-बाबा आले होते. ते दोघं, धाकटा भाऊ, मी, लॅबमधली मैत्रीण आणि तिचा नवरा असे सहा जण फिनिक्सहून निघालो. मॉन्युमेंट व्हॅली, मग युटातलं आर्चेस, मग झायन. गाडी भाड्याने घेण्याचं कारण साधं होतं, आईचे गुडघे. तिला दर दोन तासांनी पाय पसरून आडवं व्हावं लागतं. शिवाय डबे, कुकर आणि बाबांचा चहा. रात्री सगळे झोपले की मी वरच्या बिछान्यावर टॉर्च लावून अ‍ॅबी वाचायचे.

आणि हा माणूस मला पानापानावर शिव्या घालत होता!

अ‍ॅबीने १९५६ आणि १९५७ च्या उन्हाळी हंगामांत आर्चेसमध्ये रेंजर म्हणून काम केलं. तेव्हा ते राष्ट्रीय उद्यान नव्हतं, 'नॅशनल मॉन्युमेंट' होतं. उद्यानाचा दर्जा १९७१ मध्ये मिळाला. तिथे डांबरी रस्ता येणार हे त्याला दिसत होतं आणि त्याचा त्याला संताप होता. पुस्तकातल्या एका मोठ्या प्रकरणात तो गाडीतून पर्यटन करणाऱ्यांची आणि त्यांच्यासाठी रस्ते बांधणाऱ्या व्यवस्थेची सालटी काढतो. उद्यानांत खासगी गाड्या बंद करा, लोकांना चालू द्या, सायकल द्या, घोडे द्या, फार तर बस सोडा, असं त्याचं म्हणणं. मग लहान मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं काय? त्याचं उत्तर थोडक्यात असं: मुलांची वेळ पुढे येणारच आहे आणि म्हाताऱ्यांना त्यांची संधी मिळून गेली आहे.

हे वाचलं तेव्हा आई खालच्या बिछान्यावर गुडघ्याला तेल लावून झोपली होती. तिने सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. तिचा पासपोर्ट निघाला निवृत्तीनंतर. तिला संधी मिळून गेली ती कधी?

इथे रागावणं सोपं आहे. पण क्रिटिकली वाचणं म्हणजे रागावणं नव्हे. विचारायचं असतं: हे विधान कोणत्या लोकांबद्दल खरं आहे? पन्नाशीच्या दशकात स्वतःची गाडी असलेल्या, सुट्टी मिळणाऱ्या अमेरिकन माणसाबद्दल ते काही अंशी खरं असेल. अ‍ॅबी मात्र तेच सगळ्या म्हाताऱ्यांना लावतो. आपल्या भाषेत सांगायचं तर नमुना छोटा आणि निष्कर्ष मोठा. पेपर वाचताना हा पहिला प्रश्न वहीत लिहून ठेवा.

दुसरी बाजूही त्याच वहीत लिहायची. झायनला पोचलो तेव्हा आमचं अवाढव्य धूड बाहेरच लावावं लागलं. तिथे मुख्य दरीच्या रस्त्यावर हंगामात खासगी गाड्यांना बंदी असते. २००० सालापासून बस चालते. म्हणजे अ‍ॅबीने सुचवलं होतं जवळपास तेच. आणि गंमत बघा, आख्ख्या प्रवासात आई सगळ्यात खूश होती ती त्या बसमध्ये. पायरी कमी उंच, प्रत्येक थांब्यावर चढ-उतर करायची सोय, पार्किंग शोधायची कटकट नाही. अ‍ॅबीचा उपाय बरोबर निघाला. तो उपाय कुणाकुणाच्या उपयोगाचा आहे, हे मात्र त्याला दिसलं नव्हतं. लेखकाचं कारण चुकलं म्हणून त्याची शिफारस चुकते असं नाही, हे माझ्यासाठी नवीन होतं.

गर्दीबद्दलही तो बरोबर होता. २०२१ मध्ये आर्चेसला अठरा लाखांहून जास्त लोक आले आणि २०२२ मध्ये वेळ आरक्षित करून प्रवेश द्यायची पद्धत सुरू करावी लागली.

आता दुसरा प्रश्न: लेखकाने काय गाळलं? पुस्तकाच्या नावातच एकटेपणा आहे. एक माणूस, सरकारने दिलेलं ट्रेलरचं घर, आणि चहूबाजूंनी लाल खडक. जनरेटर लावला की त्या आवाजाने आपण वाळवंटापासून तुटतो, हे त्याने फार छान लिहिलंय. आमच्या जनरेटरची घरघर ऐकत मी ते वाचलं आणि मान डोलावली. पण त्याच्या चरित्रातून कळतं की त्या काळात काही दिवस त्याची बायको आणि लहान मुलगाही तिथे त्याच्याबरोबर राहत होते. पुस्तकात ते दोघं जवळजवळ नाहीतच. एकाहून जास्त हंगाम काम केलं हे तो प्रस्तावनेत सांगतो, पण गोष्ट रचतो ती एका हंगामाची.

साहित्यात हे चालतं, मान्य. तरी परिणाम काय होतो बघा. एकदा बायको-मुलाला चित्रातून काढलं की वाळवंट कुटुंबासाठी नसतंच, असं वाचणाऱ्याला आपोआप वाटायला लागतं. मग कुकर घेऊन आलेली सहा माणसं घुसखोर ठरतात. गाळलेली गोष्ट ही अशी गुपचूप निष्कर्षात जाऊन बसते.

तिसरा प्रश्न माझ्या विषयातला. अ‍ॅबी म्हणतो गाडीतून उतरा, रांगा, वाळवंट अंगाला लागू द्या. वाचायला फारच भारी वाटतं. पण आर्चेसमधली माती नुसती वाळू नाही. तिच्यावर सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ यांचा काळपट, खरखरीत थर असतो. हे सूक्ष्मजीव आपल्या तंतूंनी वाळूचे कण धरून ठेवतात, हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. वाटेबाहेर एक पाऊल पडलं की थर मोडतो. सायनोबॅक्टेरिया काही वर्षांत परततात, दगडफूल आणि शेवाळ यायला दशकं लागू शकतात. म्हणजे डांबरी वाटेवरून कमानीकडे बघणारी माझी आई मातीला काही करत नव्हती. मनसोक्त भटकणारा प्रेमी मात्र करतो. अ‍ॅबीच्या काळात या थरावर आजच्याइतकं काम झालेलं नव्हतं, म्हणून त्याला याचा दोष देत नाही. पण ससा मारण्याचा प्रसंग आहे, तो नाही पचला. तो एका सशाला दगड मारतो आणि त्याला प्रयोग म्हणतो. एक ससा, एक दगड, तुलनेला काही नाही. प्रयोग हा शब्द असा वापरला की त्याला वजन येतं, पुरावा मात्र येत नाही.

इथवर मी अगदी मजेत होते. मोठ्या लेखकाच्या चुका काढताना कुणाला मजा येत नाही? पण परतीच्या वाटेवर मैत्रिणीने सहज विचारलं, "तुझे प्लॉट रस्त्यापासून किती लांब आहेत गं?"

मी लॅपटॉप उघडला. मातीच्या त्याच थरावर माझे अठ्ठावीस प्लॉट आहेत. एकूण एक प्लॉट रस्त्यापासून चारशे मीटरच्या आत. कारण सरळ आहे, नमुन्यांची बर्फाची पेटी जड असते आणि ऊन चढायच्या आत गाडीपाशी यावं लागतं. माझ्या ड्राफ्टमध्ये मात्र लिहिलं होतं की निष्कर्ष 'कोलोरॅडो पठारावरील' थराला लागू आहेत. रस्त्याकडेला धूळ जास्त, पावलं जास्त. मी मोजलं होतं ते रस्त्याकडेचं वाळवंट, आणि नाव दिलं होतं आख्ख्या पठाराचं. गाडीने गेले आणि गाडी लेखातून काढून टाकली. अ‍ॅबीने बायको-मुलाला काढलं तसंच.

त्या रात्री झोप लागली नाही. पेपर महिनाभरात पाठवायचा होता. गाईडना सांगितलं तर सगळं लांबणार, न सांगितलं तर कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही. आईला अर्धवट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "पोरांनी वहीत उत्तर खोडलं तर मी मार्क कापत नसे. पान फाडलं तर कापायचे."

मी गाईडना सांगितलं. रस्त्यापासूनचं अंतर विश्लेषणात घातलं. दोनपैकी एक निष्कर्ष टिकला, दुसरा गळला. शीर्षक बदललं, पेपर चार महिने लांबला. पद्धतीच्या भागात आता एक साधं वाक्य आहे: सर्व प्लॉट रस्त्यापासून चारशे मीटरच्या आत होते.

'डेझर्ट सॉलिटेअर' जरूर वाचा. प्रेम आणि राग एकाच आवाजात कसे लिहावेत हे त्यातून कळतं, आणि उद्यानांतल्या गाड्यांबद्दलचा त्याचा मुद्दा आजही उभा आहे. वाचताना तीन प्रश्न जवळ ठेवा: हे कुणाबद्दल खरं आहे, काय गाळलं आहे, आणि शब्दामागे पुरावा आहे का. आणि पुस्तक मिटल्यावर तेच तीन प्रश्न घेऊन स्वतःचा ड्राफ्ट उघडा.