लेण्यांआडचे गाव : ग्रामवर्णनाची परंपरा आणि घारापुरी

घारापुरीच्या पायऱ्या चढताना मी काकडी-कैरी विकणाऱ्या एका मावशींना विचारले, "मावशी, गाव कुठे आहे?" त्यांनी मान वर न करता लेण्यांच्या दिशेने बोट दाखवले. दिवसभरात शेकडो माणसे त्यांना एकच प्रश्न विचारतात, तेव्हा माझा प्रश्न ऐकण्याआधीच उत्तर तयार होते. मी पुन्हा विचारले, "लेणी नाही हो, गाव. तुम्ही राहता ते." तेव्हा त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिले. "आमचं गाव? तिथं काय बघणार तुम्ही?" मग थोडे थांबून म्हणाल्या, "बघायचंच असेल तर सोमवारी या. सोमवारी लेणी बंद असतात."

मावशींनी जे बोट दाखवले, तेच बोट घारापुरीबद्दल लिहिणाऱ्यांनी गेली दोनशे वर्षे दाखवले आहे, असे माझे म्हणणे आहे. या बेटावर लिहिले गेलेले वाङ्मय काही थोडे नाही. त्यात गाव मात्र जवळपास नाही. ही तक्रार लेण्यांच्या अभ्यासकांविरुद्ध नाही. ते ज्यासाठी आले ते त्यांनी केले. प्रश्न असा आहे की ज्या महाराष्ट्रात एकेका खेड्याचे तपशीलवार वर्णन करण्याची इतकी जुनी परंपरा आहे, तिथे हेच खेडे तिच्यातून कसे निसटले?

ही परंपरा आणि घारापुरीचे लेखन यांचा उगम एकाच दालनात आहे. सर जेम्स मॅकिंटॉश यांनी १८०४ साली मुंबईत लिटररी सोसायटी स्थापन केली. आज टाउन हॉलच्या पायऱ्या चढून आपण जिथे वाचायला जातो ती एशियाटिक सोसायटी तिचीच पुढची अवस्था. या संस्थेच्या निबंधांचा पहिला खंड १८१९ साली निघाला. त्यात विल्यम अर्स्किन यांचा घारापुरीच्या लेण्यावरचा दीर्घ निबंध आहे. तिसरा खंड १८२३चा. त्यात थॉमस कोट्स या डॉक्टरने लिहिलेले 'लोणी' या गावाचे वर्णन आहे. लोणी म्हणजे पुण्याजवळचे लोणीकंद. पेशवाई बुडून जेमतेम दोन वर्षे होत होती, नव्या राज्यकर्त्यांना आपल्या हाती काय आले ते समजून घ्यायचे होते, आणि हा डॉक्टर एका गावात शिरून घरे कशी आहेत, भांडी किती, खातात काय, नेसतात काय, कर्ज किती, हे टिपून घेत होता.

दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचावेत. अर्स्किनची नजर तीक्ष्ण आहे, शिल्पांचे निरीक्षण बारीक आहे, आणि त्याच्या काळाच्या मानाने तो फार सावधपणे अनुमान काढतो. पण बेटावर माणसे राहतात हे त्याच्या विषयात बसत नाही. कोट्सची भाषा रुक्ष आहे, हेतू सरळ सरळ कारभाराचा आहे. तरी कुणब्याच्या घरात काय काय आहे हे आज आपल्याला त्याच्यामुळे कळते. एकाच संस्थेने, चार वर्षांच्या अंतराने, एका जागेला देऊळ ठरवले आणि दुसरीला गाव. पुढची वाट तिथेच ठरली असे मला वाटते.

लोणीकंदचे नशीब त्यामुळे फळफळले. गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा नव्याने अभ्यास करून १९६० साली 'आफ्टर अ सेंच्युरी अँड अ क्वार्टर' हे पुस्तक काढले. एकदा नोंद झाली म्हणूनच दुसऱ्यांदा तुलना करता आली. ग्रामवर्णनाचे खरे मोल हेच: ते लिहिणाऱ्याच्या हयातीत फारसे उपयोगी पडत नाही, पुढच्या माणसाला उपयोगी पडते.

मधल्या काळात या परंपरेने तीन मोठी वळणे घेतली. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५चा. त्यात एक विशिष्ट गाव नाही, देशावरची सगळीच गावे आहेत. म्हणून ते पुस्तक बलदंड आहे आणि म्हणूनच त्यात एकाही माणसाचा चेहरा नाही. बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते यांची इतकी माहिती दुसरीकडे क्वचितच मिळेल, पण फिरस्त्यांकडे पाहताना आत्र्यांच्या डोळ्यांत सरकारी अंमलदाराचा संशय उतरतो, हे आज वाचताना खटकल्याशिवाय राहत नाही. दोन वर्षांनी, १९१७ साली, हॅरल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागरचा अभ्यास प्रसिद्ध केला. १७७१ साली सरासरी ४० एकरांची असलेली जमीन १९१४-१५पर्यंत ७ एकरांवर आली होती. १५६ खातेदारांकडे मिळून ७२९ तुकडे होते आणि त्यांतले ४६३ तुकडे एकरापेक्षाही लहान. हे आकडे नंतर कितीतरी पुस्तकांत उतरले. आकडा नेमका असला की तो गावातून बाहेर पडून देशभर हिंडतो, याचे हे उदाहरण. मात्र त्या ४६३ तुकड्यांवर राबणाऱ्यांपैकी एकाचाही आवाज तिथे ऐकू येत नाही.

तिसरे वळण आपल्या भाषेतले आणि मला सर्वांत जवळचे. ना. गो. चापेकर यांनी १९३३ साली आपल्याच गावावर, बदलापूरवर, पुस्तक लिहिले. न्यायखात्यातून निवृत्त झालेला विद्वान माणूस आपल्या अंगणाभोवतीचे जग विद्येचा विषय मानतो, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. पुढच्याच वर्षी ते बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. चापेकरांची मर्यादाही स्पष्ट आहे: गाव त्यांचे असले तरी त्यांना ते आपल्या ओसरीवरून दिसते, आणि ओसरीवरून सगळी घरे सारखी जवळ दिसत नाहीत. तरी मी त्यांना आत्रे आणि मान यांच्याही वर ठेवतो. कारण कोट्सला गाव कारभारासाठी हवे होते, मानना शेतीच्या सिद्धान्तासाठी. चापेकरांना ते गावासाठीच हवे होते.

आता गंमत पाहा. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडमधले उंच इमारतींचे उपनगर आहे. बदलापूर म्हणजे सकाळच्या लोकलची गर्दी. लोणीकंदला पुणे येऊन टेकले आहे. ज्या गावांची वर्णने झाली ती शहरांनी गिळली. घारापुरी मात्र मुंबईच्या ऐन समोर असून अजून गावच आहे, आणि वर्णन तेवढे तिचे झालेले नाही.

अर्स्किननंतरची यादी डोळ्यांपुढे आणली तरी पुरे. जेम्स बर्जेस यांचे लेण्यांवरचे पुस्तक १८७१चे. हिरानंद शास्त्री यांची मार्गदर्शिका १९३४ची. जॉर्ज मिशेल आणि कार्मेल बर्कसन यांचे देखणे पुस्तक १९८३चे. १९८७ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा शिक्का मारला आणि माहितीपुस्तिकांना पूर आला. बर्जेसच्या पुस्तकाच्या नावात 'एलिफंटा'बरोबर 'घारापुरी' हा शब्द आहे, एवढाच काय तो गावाला मिळालेला मान. १८८२च्या ठाणे गॅझेटियरचे मला अधिक वाईट वाटते, कारण गॅझेटियरचे कामच मुळी गावाची दखल घेण्याचे. त्यातही बेटाचा भूगोल सांगून झाला की लेखणी लेण्यांत शिरते आणि पानेच्या पाने बाहेर येत नाही. बंदराजवळच्या ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला नाव दिले, तोसुद्धा १८६४ साली मुंबईला हलवला गेला. आज तो भायखळ्याला, राणीच्या बागेच्या आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी आहे. (आमच्या लालबाग-परळच्या बाजूची किती मुले त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढतात. हा हत्ती एका गावच्या वेशीवरचा होता, हे त्यांना कोणी सांगत नाही.)

मराठी प्रवासलेखकांना तरी वेगळे म्हणावे का? माझ्या पाहण्यातल्या बहुतेक लेखांचा साचा एकच आहे: गेटवेवरून लाँच, समुद्राचा वारा, पायऱ्या, महेशमूर्तीसमोरची स्तब्धता, परतीचा सूर्यास्त. गाव आले तर 'स्थानिक विक्रेत्यांची गर्दी' म्हणून. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्या, त्यांची उरण तालुक्यातली ग्रामपंचायत, हजार-बाराशे माणसे, आगरी-कोळी घरे, यांना त्या साच्यात जागा नाही.

फेब्रुवारी २०१८मध्ये समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून बेटावर वीज आली. तोवर जनरेटरवर रात्रीचे काही तास दिवे लागत. ही बातमी सगळीकडे झळकली ती 'एलिफंटा उजळले' अशी. समोर रात्रभर झगमगणारी मुंबई, आणि इकडे इतकी वर्षे ठरल्या वेळी विझणारा दिवा. या दोहोंमध्ये अभ्यास करून शिकलेल्या पिढीबद्दल एखादे प्रकरण लिहायला नको होते? वीज येण्यापूर्वीचे घरकाम, मासळी टिकवण्याची पद्धत, संध्याकाळच्या वेळेचे गणित हे सगळे विचारून घेण्याची वेळ अजून गेलेली नाही, पण ती जाते आहे.

अशी नोंद नसल्याने काय बिघडते, हे पाहायला जरा दूर जावे लागेल. इंडोनेशियात खेड्याला 'देसा' म्हणतात. शब्द आपल्याच 'देश'चा. कुंचारानिंग्रात या मानववंशशास्त्रज्ञांनी १९६७ साली तिथल्या निरनिराळ्या बेटांवरच्या खेड्यांची वर्णने एका ग्रंथात एकत्र केली. इतकी जाण असलेल्या त्या देशातही जावा बेटावरच्या बोरोबुदुर स्तूपाचा जीर्णोद्धार १९८३ साली पुरा झाला त्या सुमारास, भोवती पुरातत्त्व उद्यान करायचे म्हणून स्तूपालगतच्या वस्त्यांना उठावे लागले. आपल्याकडे हंपीच्या बाजारात २०११ साली तेच घडले. वास्तूचे वर्णन शंभरदा होते आणि माणसांचे एकदाही होत नाही, तेव्हा माणसे ही वास्तूपुढची अडचण ठरतात. घारापुरीत तसे काही घडलेले नाही, आणि घडेल असे मी म्हणत नाही. पण २०१०च्या कायदादुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीची अट आली आहे. लहानशा बेटावर मुलाचे लग्न झाले की खोली कुठे काढायची, हा प्रश्न या मोजपट्टीला येऊन भिडतो. पलीकडे न्हावा-शेव्याचे बंदर, त्याची जहाजे आणि गाळ; मासेमारीचा प्रश्न तिथून सुरू होतो. अशा वेळी "आम्ही इथे कधीपासून, कसे, कशावर राहतो" हे दाखवायला गावाच्या हातात कागद असावा लागतो. लोणीकंदपाशी तसा कागद आहे.

मला हे इतके का लागते, तेही सांगतो. मी अँटॉप हिलला राहतो. कॉलेजचा उंबरठा अर्ध्यातच सोडलेला माणूस. जे काही वाचले ते ग्रंथालयात उभ्या उभ्या. वीसेक वर्षांपूर्वी मी ठरवले होते की आपण जिथे राहतो ते वडाळा, शीव, शिवडी ही मुंबई बेटाच्या उत्तर टोकाकडची गावे होती तेव्हाचे वर्णन शोधायचे. हाती आले ते इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे दादर-माटुंगा-वडाळा-शीव योजनेचे संदर्भ. १८९८ साली स्थापन झालेल्या त्या ट्रस्टला जमीन हवी होती, म्हणून कागदात जमीन आहे. भाताची खाचरे कोणाची, मिठागरावर कोण राबत होते, गावदेवीची जत्रा कधी, यांतले काही मला सापडले नाही. उरली आहेत ती नावे. आमच्याकडच्या कोकरी आगारमधला 'आगार' म्हणजे बसचा डेपो, असे आता मुले समजतात. तो मिठाचा आगर. हार्बर लाइनवरचे 'कोळीवाडा' स्टेशनही गुरू तेग बहादूर नगर झाले. नव्या नावाबद्दल आदर आहेच, पण जुन्या नावातला वाडा त्या पाटीबरोबर गेला.

म्हणून शिवडीच्या किल्ल्यावर उभे राहून समोरचे ते दोन टेकड्यांचे बेट पाहताना मला लेणी आठवत नाहीत. आमच्या गावांचे जे लिहायचे राहून गेले ते तिथे अजून जिवंत उभे आहे, असे वाटते. २०२४च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला तेव्हापासून न्हाव्याकडे जाताना ते बेट उजव्या हाताला काही क्षण दिसते आणि मागे पडते.

मावशींचे ऐकून मी सोमवारी गेलो. न्हाव्याच्या बाजूने, गावकऱ्यांच्या होडीतून. ओळखीच्या ओळखीने जागा मिळाली. होडीत गॅसचे सिलेंडर, शाळेची दप्तरे आणि तांदळाची पोती होती. वहीचे पहिले पान त्या होडीतच भरले: कोण कशासाठी पलीकडे गेले होते, परतीची वेळ भरती-ओहोटीप्रमाणे कशी बदलते, रात्री कोणाचे दुखले तर पहिला फोन कोणाला जातो. पायऱ्यांवरची दुकाने निळ्या ताडपत्रीखाली बांधून ठेवलेली. मावशी दारात बसून तांदूळ निवडत होत्या. मला पाहून हसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "अगं, ते लेणी न बघणारे आले. चहा टाक." चहा होईपर्यंत मी विचारले की या घरातली पाण्याची पहिली हंडा-कळशी सकाळी किती वाजता भरते आणि कुठून. त्यांनी तांदळाचे सूप बाजूला सारले आणि सांगायला सुरुवात केली. ते सांगणे दुपारपर्यंत चालले, आणि आम्ही अजून त्यांच्या सासूच्या काळातल्या विहिरीपाशीच होतो.