प्रमाणसंहिता : स्वामित्व की स्वीकृती? – दीर्घकालीन विज्ञानकथामालिकांच्या संदर्भात

प्रस्तावना :

एखादी विज्ञानकथामालिका चित्रपट, दूरचित्रवाणी, कादंबरी, श्राव्य नाट्य अशा विविध माध्यमांतून अनेक दशके चालू राहते, तेव्हा त्या कथाविश्वात नेमके काय 'घडले' असे मानावयाचे, हा प्रश्न उपस्थित होतो. ग्राह्य मानलेल्या कथांच्या समुच्चयास प्रस्तुत लेखात 'प्रमाणसंहिता' असे म्हटले आहे. ही संकल्पना मूळची धर्मग्रंथांच्या अभ्यासातील. रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये बायबल-चिकित्सेच्या विडंबनात्मक थाटात शेरलॉक होम्सच्या कथांचे विवेचन केले. तेथून ती लोकप्रिय कथासाहित्याच्या चर्चेत रुळली, असे सामान्यतः मानले जाते. होम्सच्या बाबतीत लेखक एकच असल्याने निर्णय सोपा होता. बहुलेखकी मालिकांत मात्र प्रामाण्य कोणी ठरवावयाचे, हा कळीचा मुद्दा ठरतो.

स्वामित्वातून प्रामाण्य :

'स्टार वॉर्स' हे याचे ठळक उदाहरण होय. डिस्ने कंपनीने २०१२ मध्ये सुमारे ४०५ कोटी डॉलरना लुकासफिल्म विकत घेतली. २५ एप्रिल २०१४ रोजी लुकासफिल्मने तोवरच्या कादंबऱ्या व चित्रकथा 'लेजेंड्स' या नावाखाली प्रमाणसंहितेबाहेर ठेवल्या. १९९९ च्या 'व्हेक्टर प्राइम' या कादंबरीत च्यूबाका या पात्राचा मृत्यू झाला होता. २०१५ च्या चित्रपटात तो जिवंत आहे. वाचकांनी दीड दशक खरा मानलेला मृत्यू एका निवेदनाने रद्द झाला. नव्या चित्रपटांना कथेचे मोकळे रान हवे होते, हे कारण व्यावहारिकदृष्ट्या रास्त असले, तरी ते वाङ्मयीन गुणवत्तेचे कारण नव्हे.

वापरातून स्वीकृती :

तथापि बहिष्कृत कथांतील घटक परत येतात. टिमोथी झान यांच्या १९९१ च्या कादंबरीतील थ्रॉन हे पात्र २०१६ मध्ये 'रेबेल्स' या मालिकेत पुन्हा अवतरले. 'स्टार ट्रेक'ची १९७३-७४ मधील सचेतपट मालिका दीर्घकाळ अप्रमाण समजली जात होती. परंतु कर्कचे 'टायबेरियस' हे मधले नाव तिच्यातूनच पुढे आले आणि १९९१ च्या चित्रपटात उच्चारले गेले.

'डॉक्टर हू' ही मालिका १९६३ पासूनची. बीबीसीने तिची प्रमाणसंहिता कधीही बांधून दिलेली नाही. पॉल मॅकगॅन यांचा आठवा डॉक्टर १९९६ च्या दूरचित्रपटानंतर प्रामुख्याने श्राव्य नाट्यांतून वाढला; २०१३ च्या 'द नाइट ऑफ द डॉक्टर' या लघुभागात तो त्या नाट्यांतील सहचरांची नावे घेतो. त्यासाठी कोणत्याही अधिकृत घोषणेची आवश्यकता भासली नाही.

निष्कर्ष :

उपरोक्त उदाहरणांवरून दोन भिन्न अधिकार स्पष्ट होतात. पुढील लेखकांवर कोणत्या कथा बंधनकारक राहतील, हे स्वामी ठरवू शकतो. कोणती कथा स्मरणात राहील व पुढील निर्मितीस पुरून उरेल, हे मात्र लेखक आणि वाचक यांच्या दीर्घ व्यवहारातून ठरते. पहिला अधिकार कायद्याचा, दुसरा परंपरेचा. म्हणून अभ्यासासाठी संहितांची निवड करताना समीक्षकाने स्वामीची यादी हा मूल्यनिकष मानू नये. ती यादी हाच अभ्यासाचा विषय मानावा. अन्यथा मालमत्तेच्या नोंदवहीलाच वाङ्मयेतिहास समजण्याची चूक घडेल आणि शेकडो लेखकांचे काम वाचले जाण्यापूर्वीच बाद होईल.