वाचकाची जागा : काही मराठी कादंबऱ्या, काही प्रतिक्रिया

१

कादंबरी वाचून झाल्यावर वाचकाच्या मनात जे उरते त्याला समीक्षेत काय मोल द्यावे, याविषयी आपल्याकडे दोन टोकाच्या भूमिका रूढ आहेत. आस्वादक समीक्षा या प्रतिक्रियेलाच सर्वस्व मानते. ‘कादंबरी मनाला भिडली’ असे सांगून झाले, की ती का भिडली याचे उत्तर म्हणून कथानकाचे अलंकृत पुनर्कथन केले जाते. उलट, कलाकृतीच्या स्वायत्ततेचा आग्रह धरणारी समीक्षा प्रतिक्रियेला उंबरठ्याबाहेरच थांबवते. कलाकृती आणि तिचा परिणाम यांची गल्लत हा एक तार्किक दोष आहे, असे विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४९ मध्ये मांडले. मराठीतही मर्ढेकरांच्या लयविचारानंतर रचनेची चर्चा हीच खरी समीक्षा आणि बाकी सारे भाबडेपण, अशी समजूत काही काळ प्रबळ होती.

या दोन्ही भूमिकांना एक गोष्ट समान आहे. प्रतिक्रिया ही निखळ खाजगी बाब आहे, हे दोघी गृहीत धरतात. एक तिचा गौरव करते, दुसरी तिला संशयित ठरवते. हे गृहीतच तपासण्याजोगे आहे. कादंबरीतला निवेदक बोलतो तेव्हा तो कोणाला तरी उद्देशून बोलत असतो, आणि त्या ऐकणाऱ्यासाठी संहितेत एक जागा केलेली असते. वोल्फगांग इझर यांनी ‘अभिप्रेत वाचका’ची संकल्पना मांडून या जागेकडे लक्ष वेधले. प्रत्यक्ष वाचक त्या जागेवर येऊन बसतो. तेथे तो कधी रमतो, कधी अवघडतो, कधी त्याला उठून जावेसे वाटते. हे रमणे आणि अवघडणे वाचकाचे असले, तरी जागा कादंबरीने केलेली असते. म्हणून प्रतिक्रियेची नीट चौकशी केली तर ती कादंबरीच्या रचनेविषयीचा, आणि रचनेच्या पोटातल्या नैतिक दृष्टीविषयीचा पुरावा ठरू शकते. प्रस्तुत लेखात काही परिचित कादंबऱ्यांच्या वाचनात उमटलेल्या प्रतिक्रियांची अशी चौकशी करावयाची आहे.

२

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. ती आज वाचताना येणारी पहिली प्रतिक्रिया कंटाळ्याची असते, हे मान्य करण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. यमूचे बालपण, सासर-माहेरचे तपशील, घरातली बोलणी हे सारे तिने इतके सावकाश सांगितले आहे, की आजच्या वाचकाला पाने उलटण्याचा मोह होतो. पण या संथपणाचे कार्य उत्तरार्धात ध्यानात येते. रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर यमूवर केशवपनाची सक्ती होते, तेव्हा वाचक एका ‘विधवेच्या प्रश्ना’कडे पाहत नसतो. जिचा प्रत्येक दिवस त्याने कंटाळत का होईना सोबत काढला, अशा एका व्यक्तीवरचा तो अत्याचार असतो. येथे डोळ्यांत पाणी येण्यापेक्षा घशात काहीतरी अडकते. रडून मोकळे होण्याची सोय कादंबरीने ठेवलेली नाही, कारण तिचे शीर्षकच वाचकाला विचारलेला प्रश्न आहे. यमूच्या कहाणीचा श्रोता हा तिच्याच समाजातला, काही करू शकला असता असा माणूस आहे. वाचकाची जागा साक्षीदाराची आहे, आणि साक्षीदारावर जबाबदारी येते.

याच्या शेजारी रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) ठेवून पाहावी. या कादंबरीने मराठी वाचकांच्या पिढ्यांना रडवले आहे. शेवटची प्रकरणे कोरड्या डोळ्यांनी वाचणे अवघड आहे, असा प्रस्तुत लेखकाचाही अनुभव आहे. पानिपतानंतर खचलेले राज्य सावरणारा तरुण पेशवा, घरातली भाऊबंदकी, क्षयाने पोखरलेले शरीर आणि अखेर १७७२ मधला थेऊर येथील मृत्यू, हे सर्व वाचकाला आधीपासून ठाऊक असते. त्यामुळे दुःख अनपेक्षित नसते. त्याची वाट पाहिलेली असते. रमाबाईंच्या सहगमनाशी कादंबरी पोचते तेव्हा शोक आणि उदात्तता एकमेकांत मिसळून जातात, आणि वाचक समाधानाने रडतो.

या समाधानाचीच चौकशी व्हायला हवी. रमाबाई सती गेल्या हा इतिहास आहे. कादंबरीकाराने तो बदलावा, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न वाचकाला कोठे उभे केले जाते, हा आहे. ‘स्वामी’त तो आदराने मान लवून उभ्या असलेल्या समुदायात उभा असतो. त्या स्त्रीला काय वाटत असेल, असे विचारण्याची मुभा त्या जागेवरून मिळत नाही, कारण तिच्या मनातले सर्व काही पतीच्या थोरवीत आधीच विलीन झालेले असते. विधवेच्या देहाचे काय करायचे, या प्रश्नासमोर १८९० मधल्या कादंबरीने वाचकाला साक्षीला बोलावले. बहात्तर वर्षांनंतरच्या कादंबरीने त्याला दर्शनाला बोलावले. दोन्ही कादंबऱ्या भावना जागवतात. पण दोहोंत वाचकाचे अश्रू एकाच जातीचे नाहीत, आणि हा भेद निव्वळ ‘परिणामकारक’ या विशेषणाने पकडता येत नाही.

३

विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) वाचकाची जागा सर्वांत अडचणीची आहे. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावरचे जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, आणि त्यांच्यातली हॅर्टा. हे सर्व आपल्याला कळते ते चक्रधर विध्वंस या निवेदकाकडून. चक्रधर बुद्धिमान आहे, स्वतःशी बराचसा प्रामाणिक आहे, आणि स्त्रियांविषयी त्याच्या मनात एक कडवट तुच्छता आहे. हॅर्टाचे प्रेम तो स्वीकारतो, त्याने सुखावतो, आणि मुंबईला उतरतो. तिला पुढे जावे लागते. तिचा शेवट समुद्रात होतो.

ही कादंबरी वाचताना चक्रधरचा राग येतो. पण तो राग पुरता येऊ शकत नाही, ही खरी प्रतिक्रिया आहे. सर्व काही त्याच्या नजरेने पाहिलेले असल्यामुळे बोटीवरच्या त्या थोड्या दिवसांत वाचकही हॅर्टाच्या सहवासाने सुखावलेला असतो. जगात काय शिजते आहे हे त्यालाही दिसत असते, आणि त्यालाही मुंबई जवळ आल्याचे एक सूक्ष्म समाधान वाटलेले असते. निवेदकाला दोषी ठरवायचे तर स्वतःला वगळता येत नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाले त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीने मराठी वाचकाला साक्षीदाराऐवजी सहभागी केले. ‘शोकात्म प्रेमकथा’ हे तिचे रूढ वर्णन तोकडे आहे, याची जाणीव प्रथम या अवघडलेपणानेच होते. रचनेचे विश्लेषण नंतर येते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) याच्या उलट स्थिती आहे. येथे वाचकाला पाहुण्याचा मान मिळतो. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीत नेमणूक झालेला तरुण मास्तर हा लिहिता-वाचता येणारा, बाहेरून आलेला ‘मी’ आहे, म्हणजे बहुतेक वाचकांचा प्रतिनिधीच. त्याच्याबरोबर आपण वाडीत शिरतो, कारभाऱ्याची मर्जी सांभाळतो, तालमीच्या बांधकामात गुंततो. ही कादंबरी वाचताना लाभणारी प्रसन्नता अस्सल आहे. निवेदक माणसांविषयी निवाडे देत नाही आणि आपल्या उपकाराचे भांडवल करीत नाही, हे त्या प्रसन्नतेचे कारण आहे.

तरीही अखेरीस दुष्काळ पडतो, वाडी उठून जाते, आणि मास्तरही बदली होऊन निघतो. त्या वेळी वाचकाला हुरहुर लागते. ही हुरहुर पाहुण्याची आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. मास्तरला जाण्यासाठी दुसरे गाव आहे, नोकरी आहे. मेंढरे घेऊन निघालेल्यांपुढे काय आहे, हे तो सांगत नाही, कारण त्याला ते ठाऊक नाही. माडगूळकरांचा संयम असा, की ते ठाऊक असल्याचा आव ते आणत नाहीत. पाहुण्याने आपली मर्यादा ओळखली आहे. तिचे भान ठेवणे हे वाचकाचे काम आहे.

४

रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’त (१९७१) पाहुण्यासाठी पाट मांडलेला नाही. गावातल्या वजनदार माणसाशी अडल्यामुळे गंगाराम शिंप्याच्या घराची होणारी वाताहत त्याची बायको पारबती मराठवाडी बोलीत सांगते. प्रमाणभाषेत वाढलेल्या वाचकाची पहिली प्रतिक्रिया भाषेवर रेंगाळण्याची असते. एखाद्या म्हणीचा, एखाद्या क्रियापदाचा गोडवा तो चाखू लागतो. ‘ग्रामीण बोलीचे सौंदर्य’ हा अभ्यासक्रमातला लाडका मुद्दा येथेच जन्माला येतो.

काही पाने वाचल्यानंतर हे चाखणे अशोभनीय वाटू लागते. पारबती आपल्यासाठी गोड बोलत नसते. ती तिला येणाऱ्या एकमेव भाषेत, नवऱ्याचा हट्ट आणि मुलाचे दुरावणे या दोहोंमध्ये चिरडली जात असता बोलत असते. शिवाय तिच्या बोलण्यात शिकलेल्या माणसाला केलेली हाक कोठेही नाही. यमूचा प्रश्न आपल्याला होता. पारबतीचे बोलणे आपल्या कानी पडते एवढेच. मध्ये मास्तर नाही, दुभाषा नाही. या अनुपस्थितीतून वाचकाला आपल्या सौंदर्यदृष्टीची थोडी लाज वाटते, आणि ती लाज ही या कादंबरीची कमाई आहे. बोलीला ‘प्रादेशिक रंग’ म्हणून मोकळे होणारी समीक्षा ही लाज टाळून पुढे जाते.

५

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’विषयी (१९६३) सर्वाधिक ऐकू येणारी प्रतिक्रिया म्हणजे ‘हा तर मीच’. खानदेशातल्या सांगवीहून पुण्यात शिकायला आलेल्या पांडुरंग सांगवीकरमध्ये असंख्य तरुणांनी स्वतःला पाहिले. त्याचे ‘वगैरे’, त्याची टवाळी, कशातच मन न लागणे हे सारे त्यांनी उचलले. अशी ओळख पटणे हा कादंबरीचा विजय आहे, तसाच धोकाही आहे. कारण आरशात पाहणारा वाचक फारसे काही वाचत नाही.

‘कोसला’ने या धोक्यावर स्वतःच उपाय योजला आहे. धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, आणि ज्या टवाळ आवाजाबरोबर वाचक इतका वेळ हसत आलेला असतो तो आवाज तेथे तुटतो. निवेदकाला आपल्याच शैलीत बोलता येईनासे होते. हसणारा वाचक हसण्याच्या जागेवरच पकडला जातो. तोवरची थट्टा कशावर बेतलेली होती, याचा विचार त्याला मागे वळून करावा लागतो. पुनर्वाचनात आणखी एक गोष्ट घडते. विशीतला वाचक पांडुरंगाबरोबर त्याच्या वडिलांवर चिडतो. पन्नाशीतला वाचक मुलाच्या शिक्षणावर पैसा खर्च करणाऱ्या त्या बापाच्या कातावण्याकडे ओढला जातो. दोन्ही प्रतिक्रियांना संहितेत आधार आहे. वय बदलल्यावर वाचकाला उठून दुसरीकडे बसता येईल, एवढी ऐसपैस जागा ज्या कादंबरीत असते ती टिकते.

पु. शि. रेगे यांची ‘सावित्री’ (१९६२) जागेचा हा प्रश्न एका वेगळ्याच रीतीने सोडवते. एकोणचाळीस पत्रांच्या या छोट्या कादंबरीत फक्त सावित्रीची पत्रे आहेत. ज्याला ती लिहिली त्याचे एकही उत्तर नाही. महायुद्धाचा काळ, जपान, लच्छी आणि मोराची गोष्ट हे सर्व एका अनुपस्थित माणसाला उद्देशून आहे. वाचक नकळत त्या माणसाच्या जागी बसतो. पहिल्या वाचनात ही पत्रे अतिकोवळी, जगाच्या आगीपासून फार सुरक्षित वाटतात, आणि हा आक्षेप सर्वस्वी दूर होत नाही. पण उत्तरे रचण्याचा प्रयत्न वाचक करू लागला, की आपले उत्तर तिच्या पत्राहून रुक्ष, हिशेबी आणि स्वामित्वाची आस बाळगणारे होते, असे त्याच्या लक्षात येते. इझर ज्यांना संहितेतल्या रिक्त जागा म्हणतात, त्या येथे वाचकाचीच परीक्षा घेतात.

६

येथे एक आक्षेप संभवतो. वाचक बदलला की प्रतिक्रिया बदलते. मग तिच्यावर समीक्षा कशी उभारायची? आपल्या काव्यशास्त्राने ‘सहृदय’ ही संकल्पना मांडून याचे उत्तर दिले होते. पण तो सहृदय कोण, कोणत्या घरात वाढलेला, कोणती भाषा बोलणारा, हे विचारले जात नव्हते. १९७० नंतरच्या दलित साहित्याने आणि स्त्रीवादी विचाराने हा प्रश्न स्पष्टपणे विचारला, आणि त्यानंतर एकाच वाचकाला सर्वांचा प्रतिनिधी मानणे शक्य राहिलेले नाही. ‘स्वामी’च्या शेवटाशी एखादी वाचक स्त्री रडण्याऐवजी संतापली, किंवा ‘पाचोळा’ वाचताना मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला लाजेऐवजी ओळखीचा दिलासा मिळाला, तर त्या प्रतिक्रिया तितक्याच अधिकृत आहेत. त्यांची संगती संहितेशी लावून दाखवणे एवढीच अट आहे. कादंबरीने केलेली जागा एकच असते; तिच्यावर बसणाऱ्याला ती कोठे रुतते, हे मात्र ज्याचे त्यालाच सांगता येते.

आपल्या विद्यापीठीय अभ्यासात या सांगण्याला वाव राहिलेला नाही. ‘कोसला’वरील उत्तरात विद्यार्थी अस्तित्ववाद लिहितो, परात्मता लिहितो, आपण कोठे हसलो आणि कोठे हसणे थांबले, हे लिहीत नाही. ‘स्वामी’वर लिहिताना आपल्याला रडू आले याची त्याला शरम वाटते, आणि ते रडू संशयास्पद होते काय, हा विचार करण्याची संधी त्या शरमेपायीच हुकते. सिद्धान्त शिकवू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. सिद्धान्ताला तपासण्यासाठी काहीतरी हाती हवे, आणि ते वाचनाच्या प्रत्यक्ष अनुभवाखेरीज अन्य कोठून येणार? आवडनिवड हा या अनुभवाचा सर्वांत उथळ भाग आहे. कंटाळा, लाज, अर्धवट राग, न मागता मिळालेले समाधान हे त्याचे खोल भाग आहेत. ते नोंदवून त्यांची कारणे संहितेत शोधणारा वाचक समीक्षेच्या अंगणात केव्हाच आलेला असतो. त्याला आत घेण्याचे काम आपले आहे.