ऑपरेटिंग सिस्टीमची निवड : एको आणि स्टीफन्सन यांच्या रूपकांची चिकित्सा

प्रस्तावना :

दिनांक 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 या ऑपरेटिंग सिस्टीमचे सर्वसाधारण साहाय्य संपुष्टात आले. विंडोज 11 साठी आवश्यक असलेल्या यांत्रिक अटी अनेक जुने संगणक पूर्ण करू शकत नाहीत. त्यामुळे नवा संगणक घ्यावा, लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीकडे वळावे, की आहे तेच काही काळ चालवावे, असा प्रश्न व्यक्ती आणि संस्था यांच्यापुढे उभा राहिला. हा प्रश्न सामान्यतः तांत्रिक मानला जातो आणि संगणक विभागाकडे सोपवला जातो. तथापि, दोन नामवंत लेखकांनी त्याकडे संस्कृतीचा प्रश्न म्हणून पाहिले आहे. इटालियन चिन्हमीमांसक आणि कादंबरीकार उंबेर्तो एको यांनी 1994 मध्ये ‘एस्प्रेसो’ या साप्ताहिकातील आपल्या सदरात धर्माचे रूपक योजले. तर अमेरिकन कादंबरीकार नील स्टीफन्सन यांनी 1999 मधील ‘इन द बिगिनिंग... वॉज द कमांड लाइन’ या दीर्घ निबंधात मोटारींच्या बाजारपेठेचे रूपक वापरले. ही रूपके निर्णय घेणाऱ्याला कितपत उपयोगी पडतात आणि मराठीत लेखन करणाऱ्या अध्यापकाच्या संदर्भात ती कोठे अपुरी ठरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एको : श्रद्धेचे रूपक

एको यांच्या मांडणीत मॅकिंटॉश कॅथलिक आहे, तर डॉस प्रॉटेस्टंट. पहिली प्रणाली भाविकाला सोप्या सूत्रांनी आणि देखण्या चित्रांनी पायरीपायरीने मुक्तीपर्यंत नेते. दुसरी त्याच्यावर अर्थनिर्णयाचा भार टाकते आणि मुक्ती सर्वांनाच मिळेल असे मानत नाही. विंडोजला त्यांनी अँग्लिकन पंथाचे स्थान दिले. बाहेरून समारंभ भव्य, पण मूळ डॉसकडे परतण्याची वाट मोकळी, असे तिचे स्वरूप त्यांना दिसले.

हे लेखन विनोदी असले तरी त्यातील निरीक्षण मार्मिक आहे. प्रणाली बदलणे म्हणजे केवळ साधन बदलणे नसून आज्ञा पाळण्याची किंवा अर्थ लावण्याची सवय बदलणे होय, हे एको यांनी नेमके हेरले. प्रणालीविषयीच्या चर्चा पुष्कळदा पंथीय वादासारख्या का होतात, याचाही उलगडा त्यातून होतो. मात्र या रूपकात सुलभता आणि आज्ञाधारकता यांची जोडी गृहीत धरली आहे. मराठी वाचकाला ती सहज मान्य होणार नाही. शके 1212 मध्ये सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’ने गीतार्थ लोकभाषेत आणला, तेव्हा ग्रंथ सुलभ झाला आणि अर्थनिर्णयही थांबला नाही; उलट तो अधिक लोकांच्या आवाक्यात आला. सोपे ते विचारशून्य आणि अवघड ते स्वतंत्र, हे समीकरण म्हणूनच तपासून घ्यावे लागते. शिवाय श्रद्धेच्या रूपकात बदल म्हणजे धर्मांतर ठरते. लाभहानीचा हिशेब त्यात गौण होतो.

स्टीफन्सन : बाजारपेठेचे रूपक

स्टीफन्सन यांच्या निबंधात एका चौकात मोटारींची चार विक्रीकेंद्रे आहेत. मायक्रोसॉफ्ट साध्या कौटुंबिक मोटारी विकते, ॲपल देखण्या पण बंदिस्त यंत्रणेच्या मोटारी विकते, बीओएसकडे अद्भुत वाहने आहेत, आणि लिनक्सचे स्वयंसेवक मोकळ्या माळावर मजबूत रणगाडे तयार करून ते फुकट वाटत आहेत. तरीही बहुसंख्य ग्राहक पहिल्याच दुकानात शिरतात. रणगाड्याची देखभाल आपल्याला जमणार नाही, ही भीती त्यांना रोखते आणि मदतीला येऊ इच्छिणाऱ्या स्वयंसेवकाचाही त्यांना संशय येतो. ग्राहक गुणवत्तेपेक्षा परिचय आणि भीती यांच्या आधारे निवड करतो, हे येथे प्रभावीपणे सूचित झाले आहे. पुढे स्टीफन्सन स्वतः मॅक ओएस एक्सकडे वळले आणि 2004 मध्ये हा निबंध कालबाह्य झाल्याचे त्यांनी मान्य केले. ही कबुली निबंधाचे महत्त्व कमी करत नाही. कोणतीही निवड कायमची नसते, हेच ती दर्शवते.

परंतु या रूपकात एक मूलभूत उणीव आहे. मोटार बदलताना सामान एका गाडीतून दुसरीत ठेवता येते. संगणकात सामानच गाडीला जखडलेले असू शकते. याची जाणीव स्टीफन्सन यांना नव्हती असे नाही. सुमारे 1985 मधील आपला एक वर्ड दस्तऐवज नव्वदच्या दशकातील वर्डमध्ये उघडला नाही, असा अनुभव त्यांनी याच निबंधात नोंदवला आहे. साध्या मजकुराच्या रूपात ती फाईल उघडल्यावर निरर्थक चिन्हांच्या गर्दीत का होईना, त्यांना आपली अक्षरे परत मिळाली. निबंधातील हा अनुभव निबंधातील रूपकापेक्षा अधिक खोल आहे. पण रूपकाच्या आकर्षणामुळे तो बाजूला पडला आहे.

मराठी मजकुराची कसोटी :

स्टीफन्सन यांना मिळालेला दिलासा जुन्या फॉन्टमध्ये लिहिणाऱ्या मराठी लेखकाला मिळत नाही. कृतिदेव किंवा श्रीलिपीतील जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेल्या फाईलमध्ये देवनागरी अक्षरे साठवलेलीच नसतात. साठवलेले असतात ते इतर चिन्हांचे संकेतांक, ज्यांवर फॉन्ट देवनागरीचे रूप चढवतो. तो फॉन्ट नसलेल्या प्रणालीत फाईल उघडली की रोमन अक्षरांची गिचमिड उरते. इंग्रजी लेखकाचा सजावटीचा थर गेला तरी शब्द राहतो. येथे थर गेला की शब्दच जातो.

युनिकोडमध्ये देवनागरीला 1991 पासून स्वतंत्र स्थान आहे. जुना मजकूर त्यात रूपांतरित करता येतो; मात्र ऱ्हस्व इकार, रफार आणि जोडाक्षरे यांत चुका संभवतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये चिन्हे दिसण्याच्या क्रमाने, तर युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. त्यामुळे रूपांतरानंतर मुद्रितशोधन अटळ ठरते. प्रबंध, नियतकालिकांचे जुने अंक, बोलीभाषांची संकलने हे सर्व या कसोटीवर उभे आहे. ‘कोणती प्रणाली घ्यावी?’ या प्रश्नाआधी ‘आपले लेखन प्रणालीपासून स्वतंत्र झाले आहे काय?’ हा प्रश्न म्हणूनच येतो.

व्यक्ती आणि संस्था :

दोन्ही रूपकांत निर्णय घेणारा एकटा आहे. एक भाविक, दुसरा ग्राहक. संस्थेत तसे नसते. म्युनिक नगर परिषदेने 2003 मध्ये लिनक्सचा मार्ग स्वीकारला, पुढे सुमारे 15,000 संगणक त्या प्रकल्पात आले आणि 2017 मध्ये परिषदेनेच विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. येथे ना धर्मांतर होते, ना खरेदी. ते सामूहिक धोरण होते आणि प्रत्यक्ष वापर करणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने ते निवडलेले नव्हते. महाविद्यालयातही खरेदी समिती, कार्यालय आणि विद्यापीठाच्या परीक्षाविषयक गरजा यांच्या चौकटीतच अध्यापकाला निवड करावी लागते. या परावलंबनाचे चित्र दोन्ही रूपकांत उमटत नाही.

समारोप :

एको यांनी सवयीचे आणि स्टीफन्सन यांनी भीतीचे स्वरूप स्पष्ट केले. हे दोघांचेही योगदान मोलाचे आहे. तथापि, मराठीच्या संदर्भात अधिक समर्पक रूपक स्थलांतराचे ठरेल. घर बदलताना कोणते घर चांगले, एवढेच पाहून चालत नाही. बरोबर काय नेता येईल आणि काय मागे राहील, हेही पाहावे लागते. मजकूर आधी युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपात आणला, तर प्रणाली बदलण्याचा किंवा न बदलण्याचा निर्णय खऱ्या अर्थाने स्वतंत्र होतो. ते न करता घेतलेला निर्णय, मग तो कोणत्याही बाजूने असो, लेखकाचा नसून त्याच्या फॉन्टचा असतो.